ग्रंथवृक्ष पुसिला आणि पोपट राखिला, त्याची हकीकत

श्रीशारदेचे चरणी मस्तक ठेवून, आणि जी पुस्तके आजवर कोणी उघडिली नाहीत त्यांचीही क्षमा मागून, हे लिहिणे आरंभिले ऐसीजे. शके अठराशे एकोणतीस, प्लवंग नाम संवत्सर, चैत्रमास. ते समयी एक संस्थान होते. त्याचे नाव, नदी, किल्ला सांगावयाचे प्रयोजन नाही, नावावाचून हकीकतीचे काही अडत नाही. श्रीमंत सरकार गादीवर होते आणि कारभार सुरळीत होता, आणि हत्ती होते, हत्तींचे हौदे होते, आणि राजवाड्याचे उत्तर अंगास थोरला दिवाणखाना होता, त्यात पुस्तकांचा संग्रह मोठा. त्यावर पूर्वी बाळंभट म्हणोन वृद्ध गृहस्थ नेमिले होते. कोणते पुस्तक कोठे, हे सर्व बाळंभटांचे डोकीत. कोणी मागितले की डोळे मिटीत, मान डोलवीत, आणि नेमके काढून हाती देत. लोक तोंडात बोट घालीत. मग सरकारांचे लहानपणीच बाळंभट एके दिवशी जेवून, विडा खाऊन वामकुक्षीस निजले ते उठलेच नाहीत, आणि सर्व पुस्तकांचा ठावठिकाणा त्यांचेबरोबर गेला. पुस्तके जागचे जागी होती, परंतु ती जागा सांगणारा कोणी उरला नाही. ज्याने जे मागितले त्यास एकच उत्तर मिळो लागले की, शोधतो आहे, सापडेल.

त्यात खासा सरकारांची एक गोष्ट होती. सरकार लहान असता मातुश्री आईसाहेब त्यांस एक पुस्तक वाचून दाखवीत, त्यात पाखरांची चित्रे होती आणि दर पाखराखाली दोन ओळी होत्या. आईसाहेब कैलासवासी जाहल्या आणि पुस्तक संग्रहात गेले ऐसे सर्वांचे म्हणणे. सरकार मोठे जाहले, मिशीत पांढरे केस आले, तरी वर्षातून एकदा तरी दिवाणखान्यात येऊन पुसत की, आमचे पाखरांचे पुस्तक सापडले काय? आणि जो कोणी उभा असेल तो मुजरा करून म्हणे की, सापडेल सरकार, शोध जारी आहे. दरबारची रीतच तशी. हुजुरांपुढे नाही म्हणावयाचे नाही.

तेव्हा सरकारांनी विचार करून त्रिविक्रमपंत म्हणोन संस्थानचे एक विद्वान कारकून होते त्यांस मोठे शहरी पाठविले, आणि टोपीकरांचे मुलखात पुस्तके मांडावयाची जी अंकविद्या निघाली आहे ती शिकून यावी ऐसी आज्ञा केली. पंत गेले आणि मन लावून शिकले आणि सदर सालचे गुढीपाडव्यास परत आले. मग सरकारांची मर्जी आणिक पुढे गेली की, विद्या एकट्या पंतांचे डोकीत राहिली तर आणिक एक बाळंभट जाहला, त्यात साधले काय? सबब गावोगावची माणसे बोलावून पंतांनी त्यांस शिकवावे आणि त्यांनी आपापले गावी पुस्तकशाळा चालवाव्या. दिवाण आबासाहेब मुतालिक यांस हे रुचले नाही. ते बोलिले की, "सरकार, हौदे पागेत भिजून कुजताहेत, आणि इकडे एवढा दिवाणखाना वाळवीला आंदण दिला आहे. पंतांची माणसं दसऱ्यापर्यंत तयार झाली तर उत्तम. नाही झाली तर पुस्तकं पेट्यांत घालून तळघरात ठेवू, दिवाणखाना हौद्यांना द्यावा, आणि गावच्या पुस्तकशाळांचं नाव पुन्हा काढू नये." सरकारांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, बरे आहे. पंतांस तळघर ठाऊक होते. तेथे ओल होती, आणि एकदा आत गेलेले काही परत वर आलेले कोणी पाहिले नव्हते.

मग वैशाखात शिष्यमंडळ जमले. त्यात तिघे मुख्य. एक सटवाजी हवालदार, पेन्शनीत निघालेले, मिशा भरघोस. दुसऱ्या अंबूताई, मुलींचे शाळेतील मास्तरीण, बोलणे मोजके आणि नजर तीक्ष्ण. तिसरे दाजीबा कासार, बांगड्यांचा हारा डोकीवर घेऊन गावे हिंडलेले, अक्षर सुबक. पंत गादीवर बसले आणि शास्त्र सांगू लागले की, ज्ञानाचे मुख्य वर्ग ऐसे, त्यांचे उपवर्ग ऐसे, विभाजनाचे तत्त्व एके वेळी एकच असावे, सामान्याकडून विशेषाकडे गमन करावे, दशांशचिन्हाने वर्गांकाचा विस्तार होतो, आणि एका विषयाहून दुसऱ्या विषयास जो प्रतिनिर्देश द्यावयाचा त्याचे दोन प्रकार. बोलता बोलता पंतांस स्वतःचेच बोलणे गोड वाटो लागले. मंडळी माना हलवीत होती. हवालदार ताठ बसून एकटक पाहात होते, आणि पंतांस वाटले, एवढा एक तरी खरा शिष्य मिळाला. मग सरकार खांबाआडून ऐकत होते ते पुढे आले आणि सर्व उठले, हवालदार मात्र उठले नाहीत, कारण ते डोळे उघडे ठेवून गाढ निजले होते. पहाऱ्यावर तीस वर्षे काढिलेल्या माणसास ती कळा साधते.

हवालदार जागे होऊन शरमले आणि म्हणाले, "पंत, माफी असावी. ऐकत व्हतो, पर ते शब्द कानातनं आत जाईनात, दारातच उभं राहत्यात." सरकार हसले आणि बोलिले की, "पंत, यांना काही दिसेल असं दाखवा. चित्र काढा." पंतांचे मनास हे लागले. एवढे शास्त्र, ते का चित्रात मावावे? लहान पोरांस हत्ती आणि ससा दाखवितात तैसे का हे आहे? परंतु घरी जाऊन विचार केला की, आपण बोललो आणि कोणास कळले नाही, तर आपण कोणासाठी बोललो? आणि मनातल्या मनात ओशाळले. मग दुसरे दिवशी लिंबाजी जिनगर चितारी यास बोलावून दिवाणखान्याचे थोरले भिंतीवर झाड काढावयास सांगितले. खोड म्हणजे सारे ज्ञान. थोरल्या फांद्या म्हणजे धर्म, कायदा, वैद्यक, शेती, इतिहास, काव्य ऐसे मुख्य वर्ग. फांदीच्या डहाळ्या म्हणजे उपवर्ग. आणि पान म्हणजे एक एक पुस्तक.

लिंबाजीने जीव ओतून झाड काढिले. भिंतीत खिडकी होती, तिला चुकवून कायद्याची फांदी खाली वाकविली. खाली जमीन ओकीबोकी दिसे म्हणोन चार गळलेली पिवळी पाने काढिली. आणि सर्व जाहल्यावर वैद्यकाचे फांदीवर त्यास रिकामे वाटले, तेथे एक पोपट बसविला, चोच तांबडी, मान किंचित वळलेली. पंतांनी छडी घेऊन झाड समजाविले आणि एका सकाळात सर्वांस उमगले. हवालदार मांडीवर थाप मारून म्हणाले, "आत्ता कळलं! थोरल्यातनं धाकलं निघतंय, आन् धाकल्यातनं आणिक धाकलं. घोड्याचं औषध काव्याच्या फांदीला लागायचं न्हाई!" अंबूताई हसल्या, दाजीबांनी झाड कागदावर उतरून घेतले. सरकार पाहुण्यांस घेऊन येऊ लागले आणि झाड दाखवू लागले, आणि संस्थानात झाडाचा लौकिक जाहला, आणि लौकिकाबरोबर पंतांचाही. जे पंत चित्र नको म्हणत होते तेच आता येणाऱ्या-जाणाऱ्यास छडी घेऊन झाड दाखवीत. बढाई नव्हती म्हणावे तर ते खोटे होईल.

मग ज्येष्ठाचे अखेरीस पंतांस हिवताप आला आणि अंथरूण धरिले. दाजीबा समाचारास आले, त्यांस पंत पांघरुणातून बोलिले की, "माझी वाट पाहू नका. झाड समोर आहेच. झाडाप्रमाणे पुस्तकं लावायला घ्या." इतके बोलून ग्लानीत गेले. दाजीबांनी निरोप मंडळींस सांगितला, आणि मंडळींनी पदर खोचून, कंबर कसून काम आरंभिले. पंत बरे होऊन येतील तेव्हा त्यांस सर्व तयार दिसावे, ही एकच इच्छा. आषाढात पंत काठी टेकीत दिवाणखान्यात आले. दारी तोरण होते, मंडळी रांगेने उभी होती, हवालदारांनी पागोटे नवे बांधिले होते, आणि सर्वांचे तोंडावर ऐसा आनंद होता की पंतांचे डोळे भरून आले. मग पंतांनी आत पाहिले.

जाडजूड ग्रंथ, विषय कोणताही असो, भुईवर एकावर एक रचून खोड केले होते. त्यावर मध्यम पुस्तके, आणि बारीक पुस्तके आढ्याशी, शिडी लावूनही हात पोचेना. कायद्याची फांदी खिडकीखाली वाकलेली, म्हणोन कायद्याची सर्व पुस्तके उघड्या खिडकीखाली ठेविली होती आणि त्यांवर पाऊस येऊन पाने फुगली होती. जुनी, पिवळी, फाटकी पुस्तके गळल्या पानांप्रमाणे खोडाभोवती जमिनीवर पसरिली होती, आणि त्यांत संस्थानची सर्वांत जुनी पोथी होती. आणि वैद्यकाशेजारी एक कपाट वेगळे होते, त्यावर दाजीबांचे सुबक अक्षरात चिठ्ठी, 'वर्ग पोपट'. पंतांनी उघडिले तो आत एक शब्दकोश, जुनी पंचांगे, कुस्तीचे डावपेच, आंब्याचे कलम बांधावयाची रीत, आणि जे जे कोणत्याच फांदीस लागेना ते ते सर्व. पंतांनी क्षीण आवाजाने पुसिले, "हे काय?" दाजीबा म्हणाले, "पोपट पंत. तो फांदीवर हाय, पर फांदीचा न्हाई. म्हनून ज्याला फांदी न्हाई त्यो समदा माल हितं घातला."

तेव्हा पंतांचा तोल गेला. दिवस दसऱ्याकडे धावत होते, पुस्तके भिजली होती, आणि पंत अशक्त होते, त्यामुळे जे बोलू नये ते बोलिले. अडाणी म्हणाले, दगड म्हणाले, तुमचेपेक्षा हौदे बरे ऐसेही म्हणाले. हवालदारांनी नवे पागोटे काढून हाती घेतले आणि मान खाली घातली. मग अंबूताई पुढे जाहल्या आणि शांतपणे बोलिल्या की, "पंत, आपण सांगितलंत झाडाप्रमाणे लावा. आम्ही झाड नीट पाहिलं. त्यातलं काय पाहायचं आणि काय सोडून द्यायचं, हे आपण सांगितलं नव्हतंत. पोपट फक्त शोभेचा आहे हे आपल्याला ठाऊक, कारण शास्त्र आपल्याला आधीच येतं. ज्याला येत नाही त्याला पोपट आणि फांदी सारखीच." इतके बोलून त्या ओली पुस्तके उचलून कोरड्या जागी ठेवू लागल्या.

पंत घरी आले ते जेवले नाहीत. रागाचा भर ओसरला तसे एकच मनात घोळू लागले. आळशी माणूस चुकता तर समजूत पटती. ही माणसे चुकली ती पूर्ण लक्ष दिल्यामुळे, विश्वास टाकल्यामुळे. राज्याला हद्द असते आणि तेथे दगड रोवलेले असतात, येथवर आमचे, पुढे दुसऱ्याचे. चित्रालाही हद्द असते. आपण चित्र दिले आणि हद्दीचा दगड रोविला नाही, आणि मंडळी बिचारी चालत चालत परमुलखात गेली. आणि आपण त्यांस दगड म्हणालो. पंतांस फार वाईट वाटले.

पुढे श्रावण लागला आणि पंतांची लेक द्वारकी मंगळागौरीस माहेरी आली. रोज सकाळी ती अंगणात रांगोळी काढी, आज कमळ, उद्या सारीपाट, परवा तुळशीवृंदावन. एक दिवशी फारच सुरेख मोर काढिला आणि दुसरे दिवशी पंत पाहतात तो तिने पाणी शिंपून तो झाडून टाकिला. पंत कळवळून म्हणाले, "अगं, इतका सुंदर मोर, पुसवला कसा तुला?" द्वारकी हसून म्हणाली, "बाबा, तो नाही पुसला तर आजची कुठे काढू?" पंत तसेच अंगणात उभे राहिले. कुटुंबाने दोनदा हाक मारिली ती ऐकू आली नाही.

त्याच दिवशी पंत दिवाणखान्यात गेले आणि प्रथम सर्वांसमक्ष हात जोडून म्हणाले, "मी बोललो ते चुकलं. चूक माझी होती." हवालदार पाघळून डोळे पुसू लागले. मग पंतांनी रांगोळीचा डबा काढिला आणि फरशीवर शहर काढिले. पेठ, पेठेत आळी, आळीत घर. आणि बोलिले की, पुस्तकाचा अंक म्हणजे त्याचा पत्ता, पहिला आकडा पेठेचा, दुसरा आळीचा, तिसरा घराचा, पत्ता वाचीत चला म्हणजे पुस्तकाचे दारात पोचाल. सर्वांस कळले. मग पंतांनी नवी रीत घातली, जी पुढे त्या संस्थानी नेमच होऊन बसली. ते म्हणाले, "आता सांगा, हे चित्र कुठे खोटं पडतं? ते सांगितल्याशिवाय पुसायचं नाही, आणि पुसल्याशिवाय घरी जायचं नाही." मंडळी चपापली. गुरूचे चित्रास खोटे कैसे म्हणावे? शेवटी हवालदार धीर करून बोलिले, "पंत, आळीत दोन घरं भिंतीला भिंत लावून असली तर मधी तिसरं बांधता येत न्हाई. आन् आपल्या आकड्याम्होरं तर टिंब देऊन कितीबी आकडं लावता येत्यात, नवं पुस्तक मधीच बसतंय. मग घरासारखं कुठं ऱ्हायलं?" पंतांस इतका आनंद जाहला की हवालदारांचे पाठीवर थाप मारिली. दशांशाचा विस्तार जो वैशाखात कोणास कळला नाही तो आज हवालदारांनी आपण होऊन सांगितला, आणि तोही चित्र जेथे मोडले त्या जागेवरून. मग हवालदारांनीच केरसुणी घेऊन शहर झाडिले.

ऐसे रोज चालिले. मिसळणाचा डबा काढिला, त्यात मसाल्यांप्रमाणे विषय वाट्यावाट्यांनी वेगळे, आणि तोही कोठे खोटा ते सांगून पुसिला. मग द्वारकी सासरी गेली. दोन दिवसांनी तिची बालमैत्रीण दारी येऊन द्वारकी कोठे म्हणोन पुसू लागली, तेव्हा पंतांचे कुटुंब म्हणाले, "ती सासरी गेली गं, नदीपलीकडे, जोशांच्या घरी. तिथे जा, भेटेल." पंत आत लिहीत बसले होते ते लेखणी टाकून उठले. दुसरे दिवशी फरशीवर दोन घरे काढिली, एक माहेर, एक सासर, आणि म्हणाले, "घोड्यांच्या रोगांचं पुस्तक. जन्म जनावरांच्या घरी, दिलं वैद्यकाच्या घरी. नांदतं एकाच ठिकाणी. पण माहेरच्या दारात चिठ्ठी ठेवा, लेक अमक्या घरी आहे, तिथे पाहा. विचारणारा रिकाम्या हाताने परत जाता कामा नये. शास्त्रात याला प्रतिनिर्देश म्हणतात." दाजीबा म्हणाले, "आत्ता ह्यो शब्द दारातनं आत आला." आणि सारे हसले. मग भाद्रपद सरेपर्यंत मंडळींनी दिवाणखाना पुन्हा अथपासून लाविला, अंक घातले, चिठ्ठ्या ठेविल्या, एकही पुस्तक हात लाविल्यावाचून राहिले नाही.

आणि तेव्हाच पंतांस एक गोष्ट कळून चुकली, ती त्यांनी कोणास सांगितली नाही. पाखरांचे पुस्तक संग्रहात नव्हते. कोणत्याच घरी नव्हते, माहेरी नाही, सासरी नाही. कधी गेले, कोणी नेले, की मुळी आलेच नव्हते, देव जाणे. सरकार आजवर पुसत आले आणि पंतांनी स्वतः इतरांप्रमाणेच दोनदा म्हटले होते की, सापडेल सरकार. आता परीक्षेचे दिवशी सरकारांनी तेच मागितले तर काय, या विचाराने पंतांचे अन्न गोड लागेना.

आणिक एक काळजी होती. मंडळी अडली की अजूनही त्यांचे डोळे भिंतीकडे जात. रांगोळ्या पुसल्या जात, झाड मात्र उभे होते, आणि डोळा जाई तो झाडावरच. पंतांनी लिंबाजीस बोलाविले आणि अडखळत म्हणाले की, "लिंबाजी, झाड पुसावं लागेल." लिंबाजी उठून भिंतीपाशी गेला. सरकारांचे लाडके झाड, पाहुण्यांनी वाखाणिलेले, आणि त्याचे हातून याहून सुंदर काही उतरले नव्हते हे त्यास ठाऊक होते. शेवटी म्हणाला, "चुना मीच लावतो. दुसऱ्याचा हात नगं लागायला." मग कुंचला भिजवून थांबला आणि म्हणाला, "पंत, झाड तुम्ही सांगितलं म्हणून काढलं. तुमचं हाय, तुम्ही पुसा. पर पोपट तुम्ही सांगितला नव्हता. पोपट माझा हाय." पंत म्हणाले, "खरं आहे. पोपट राहू दे." मग सारी भिंत पांढरी जाहली आणि त्यावर पोपट तेवढा राहिला, पायाखाली फांदी नाही, मान किंचित वळलेली.

आश्विन शुद्ध सप्तमीस परीक्षा ठरली. सरकार आले, दिवाण आबासाहेब आले, मानकरी आले. सरकार भिंतीकडे पाहून थबकले. "झाड कुठे गेलं?" पंत घाम पुशीत म्हणाले, "सरकार, त्याचं काम झालं." सरकारांची मुद्रा उतरली आणि दिवाणांची खुलली. दिवाण म्हणाले, "ज्याच्या आधाराने शिकले तेच पुसलं. आता पाहू." मग हवालदारांपाशी हत्तींचे निगेचे पुस्तक मागितले, ते त्यांनी पेठ, आळी पुटपुटत जाऊन झटक्यात आणिले. मग दिवाणांनी अंगरख्यातून एक बाड काढिले, त्यांचे आज्यांनी लिहिलेले, कोणी न पाहिलेले, आणि अंबूताईंपुढे ठेवून म्हणाले, "हे कुठे लावाल?" अंबूताईंनी चाळिले. त्यात जुने दरबारातील मेजवान्यांचे वर्णन होते, कोणते राजे पंक्तीस होते आणि काय वाढिले होते. त्या म्हणाल्या, "इतिहास म्हणावा, तर पाना-पानावर मीठ-तिखटाचं प्रमाण आहे. हे बाड घेऊन माणूस चुलीपाशी जाईल. नांदेल पाकशास्त्रात. चिठ्ठी इतिहासात, आणि एक दरबारच्या रीतिरिवाजात." दिवाण म्हणाले, "लेकीला दोन माहेरं?" कारण माहेर-सासरची कीर्ती त्यांचे कानी आली होती. अंबूताई म्हणाल्या, "तिथेच ते चित्र खोटं पडतं, दिवाणसाहेब. म्हणून ते आम्ही पुसलं. चिठ्ठ्या हव्या तितक्या ठेवता येतात." दिवाण बाड परत घेता घेता थांबले आणि म्हणाले, "असू द्या. राहू द्या इथेच."

पंतांस वाटले, जिंकलो. इतक्यात सरकार दाजीबा कासारांकडे वळले आणि हळू आवाजाने म्हणाले, "आमच्या लहानपणी एक पुस्तक होतं. पाखरांची चित्रं होती. ते काढून द्या." हे पुस्तक काय आहे ते सर्वांस ठाऊक होते. दाजीबांनी मुजरा केला आणि गेले. पाखरांचे आळीत पाहिले. तेथील चिठ्ठ्या पाहिल्या. चित्रकलेत पाहिले, मुलांचे पुस्तकांत पाहिले, काव्यात पाहिले कारण दर पाखराखाली दोन ओळी होत्या ऐसे ऐकिले होते, कोणी घरी नेलेली पुस्तके मांडितात त्या देवघेवीचे पाटीवर पाहिले. एकदाही भिंतीकडे पाहिले नाही. मग परत येऊन सरकारांपुढे उभे राहिले. पंतांनी डोळे मिटले. दरबारची रीत एक होती आणि कासाराचा जीव तो केवढा. दाजीबा म्हणाले, "सरकार, न्हाई."

दिवाण म्हणाले, "नाही म्हणजे? सापडत नाही म्हणा." दाजीबा म्हणाले, "सापडत न्हाई असं न्हाई, साहेब. पुस्तकच न्हाई. हितं असतं तर ह्या जागांपैकी कुठंतरी असतं, न्हाईतर त्याची चिठ्ठी असती. समद्या जागा बघितल्या. आईसाहेबांचं पुस्तक ह्या घरात न्हाई, सरकार. मला लई वाईट वाटतं."

दिवाण पुढे सरसावून म्हणाले, "म्हणजे परीक्षेत उतरले नाहीत." तेव्हा सरकारांनी हात वर केला, आणि जवळचे लोकांस दिसले की त्यांचे डोळ्यांत पाणी होते. म्हणाले, "आबासाहेब, बाळंभट गेल्यापासून आम्ही सापडेल ऐकत आलो. एवढ्या थोर दरबारात आम्हाला नाही म्हणू शकेल एवढी माहिती कोणापाशी नव्हती. दर दसऱ्याला वाटायचं, यंदा सापडेल. आज कळलं. आता शोधायचं राहिलं नाही." मग म्हणाले, "दिवाणखाना यांचा. गावोगाव पुस्तकशाळा काढा. आणि हौदे तुमच्या कचेरीत ठेवा, तुम्हाला त्यांची काळजी आहे." मानकरी हसले, दिवाणही नाइलाजाने हसले. मग जाता जाता सरकार भिंतीपाशी उभे राहिले, पोपटाकडे पाहिले, आणि बोट न लाविता त्याची वळलेली मान हवेतच गिरविली. लिंबाजीस पुसिले, "हा का ठेवलास?" लिंबाजी म्हणाला, "हा कशाचंच चित्र न्हाई, सरकार. पाखरूच हाय." सरकार म्हणाले, "राहू दे."

सारांश, पुस्तकशाळा जाहल्या, हवालदार आणि अंबूताई आणि दाजीबा आपापले गावी गेले, आणि तेथे रोज रांगोळी काढीत आणि तिचे खोटे सांगून पुशीत. पंत वृद्ध होऊन वारले, तेव्हा त्यांचे डोकीतील काही त्यांचेबरोबर गेले नाही, सर्व मागे राहिले. दिवाणखान्याची भिंत दर दिवाळीस पांढरी करितात आणि चुनेवाला पोपटाभोवतून कुंचला फिरवितो. नवा शिष्य आला की प्रथम हेच पुसतो की, हा बसला कशावर? तेव्हा त्यास ही हकीकत सांगतात, आणि शिकवणे तेथून सुरू होते. जैसे ऐकिले तैसे लिहिले. यात जेथे खोटे पडले असेल ते वाचणाराने सांगावे आणि पुसावे. इति.